जहाजाच्या डेकसारखं जुनं फ्रेंच घड्याळ आहे, त्यातला सुकाणू धरलेला खलाशी डुलतो. त्याला वेगळी चावी असते का?

नाही, वेगळी चावी नसते, तो खलाशी लंबकालाच जोडलेला असतो. म्हणजे डेकच्या खाली, बेसच्या आत लंबक लपवलेला असतो आणि तो हलला की वरचा माणूस डावी-उजवीकडे डुलतो, त्यामुळे खलाशी अडकला तर घड्याळही बंद पडणार. पॅरिसच्या आंद्रे रोमें गिल्मे यांची ही डिझाइन, १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली. त्यांचंच वाफेच्या हातोड्याचं घड्याळ पण असंच चालतं, हातोडा वर-खाली होतो तो लंबकामुळेच (मला विचाराल तर खलाशापेक्षा हातोडा भारी दिसतो). फिरणाऱ्या दीपस्तंभाच्या घड्याळात मात्र वरचा भाग फिरवायला वेगळी स्प्रिंग असते, तिथे दोन चाव्या द्याव्या लागतात.

तुमचं मध्येच थांबत असेल तर आधी टेबल लेव्हलमध्ये आहे का बघा, टिक आणि टॉक यातलं अंतर सारखं ऐकू आलं पाहिजे, लंगडत असेल तर थोड्या वेळाने थांबतंच. खलाशाला बोटाने ढकलून चालू करू नका, सांधा वाकतो.

मशीनच्या मागच्या प्लेटवर जीएलटी असा शिक्का असेल तर ते गिल्मेचं मशीन, पण तेवढ्यावरून अख्खा पीस ओरिजिनल धरू नका, गोल फ्रेंच मशीन एकातून काढून दुसऱ्यात सहज बसतात. आणि सोबतचं 'ब्रेव्हे एस.जी.डी.जी.' बघून भुलू नका, त्याचा अर्थ फक्त पेटंट आहे पण सरकारची गॅरंटी नाही.