पीटीओ टाकताना खर्र वाजतंय आणि मग धाडकन हिसका बसतोय: ट्रॅक्टर खोलायच्या आधी हे बघा

दादा, तुमचं सगळं नीट वाचलं. डबल क्लचचा ट्रॅक्टर, मागं पऱ्हाटी (कापसाच्या काड्या) बारीक करायचं श्रेडर, पीटीओचा (ट्रॅक्टरच्या मागं अवजार फिरवणाऱ्या दांडीचा) लिव्हर टाकताना खर्रर्र वाजायलंय, पडला की धाडकन हिसका बसून इंजिन बंद पडायला बघतंय, आणि मिस्त्री म्हणायलाय की पीटीओचा गिअर गेला, ट्रॅक्टर मधून खोलावा लागंल. माझं म्हणणं, आत्ताच खोलू नका. तुम्ही सांगितलेले आवाज दोन आहेत, खर्र वेगळं आणि धाड वेगळं, आणि दोन्हीचं कारण बहुतेक एक नाही.

आधी खर्रचं बघू. लिव्हर टाकताना आतला एक गिअर अजून फिरतोय आणि दुसरा उभा आहे, म्हणून दाते घासतात. म्हणजे क्लच पूर्ण सुटला नाही. डबल क्लचमधे पेडल अर्ध्यापर्यंत दाबलं की फक्त चाकाकडची ताकद सुटते, पीटीओची प्लेट सुटायला पेडल पार खाली जावं लागतं, आणि गिअर टाकायच्या सवयीनं आपले बरेच ड्रायव्हर अर्ध्यावरच थांबतात. पेडलखाली वाळलेला चिखल, पोतं, जाड मॅट असली तरी तेच होतं. म्हणून पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा, मग टाका, इंजिन स्लोवर पाहिजे.

तरी खर्र येत असंल तर श्रेडरचा शाफ्ट काढून ठेवा आणि नुसत्या ट्रॅक्टरवर बघा. गिअर न्यूट्रल, हॅन्डब्रेक ओढलेला, पीटीओ टाकून चालू करा आणि मग पेडल पार खाली दाबून धरा, दुसऱ्या माणसाला लांबून मागची दांडी बघायला सांगा. थांबली तर क्लच सुटतोय. फिरतच राहिली तर क्लच धरतोय, मग पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागायच्या आधीचा मोकळा खेळ) आणि पीटीओ क्लचच्या बोटांचं सेटिंग कंपनीच्या पुस्तकातल्या मापाला लावून घ्या, हे सेटिंग बऱ्याच ट्रॅक्टरला न खोलता बाजूच्या खिडकीतून होतं. दांडीला हात किंवा फडकं लावून थांबते का बघायचं नाही, कुणीच नाही. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे, गमजाचं टोक किंवा साडीचा पदर सापडला तर सोडवायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलंय म्हणून काढून फेकलेलं गावोगाव दिसतं, ते आधी नवीन बसवा, बाकीची कामं नंतर.

आता धाड. इथं माझा पहिला संशय स्लिप क्लचवर आहे, म्हणजे ट्रॅक्टरचा नाही तर श्रेडरकडचा, जोर जास्त आला की घसरणारा क्लच, आणि त्याला कारण आपल्याकडची कामाची पद्धत. पऱ्हाटी आपण डिसेंबर ते फेब्रुवारीत बारीक करतो, बोंडअळीमुळं फरदड (वेचणी झाल्यावर तेच पीक पुढं वाढवणं) ठेवायची नाही म्हणून तेव्हा घाई असते, आणि मग श्रेडर पुढचा सगळा उन्हाळा अन् पावसाळा गोठ्याच्या कडंला उभं. त्यात स्लिप क्लचच्या प्लेटी गंजून एकमेकीला चिकटतात. चिकटलेला क्लच म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा, घसरतच नाही, जड रोटर एकदम फिरवायचा सगळा झटका शाफ्टवर आणि ट्रॅक्टरवर येतो. इंजिन बंद करून, चावी काढून, आधी सगळ्या स्प्रिंगांची लांबी मोजून लिहून ठेवा. प्लेटींच्या कडंवर खडूची एक सरळ रेघ मारा. सगळे नट एकसारखे सैल करा, लांब उभं राहून पीटीओ दोन-तीन सेकंद टाका, बंद करा, रोटर पूर्ण थांबू द्या (तो बराच वेळ फिरत राहतो) आणि रेघ बघा. तुटून पुढं-मागं झाली तर क्लच सुटला, नट परत त्याच मापाला आवळा. रेघ तशीच राहिली तर क्लच खोलून प्लेटी साफ कराव्या लागतील. आणि घसरतोय म्हणून नट गच्च आवळायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. ज्यांच्या शाफ्टला शेअर बोल्ट (जोर जास्त आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) आहे त्यांनीही, तो सारखा तुटतोय म्हणून हार्ड अ‍ॅलन बोल्ट घालू नये, मग बोल्ट राहतो आणि गिअरबॉक्सचा क्राऊन पिनियन (मुख्य गिअरजोडी) जातो.

टाकायची पद्धतही बघा. उभ्या पऱ्हाटीत घुसून पीटीओ टाकायचा नाही. श्रेडर जमिनीपासून थोडंसंच उचला, मोकळ्या जागंवर, इंजिन स्लोवर, क्लच हळू सोडा पण अर्ध्यावर रेंगाळत ठेवू नका, रोटर फिरायला लागला की मग रेस हळूहळू मीटरवरच्या ५४० च्या खुणेपर्यंत न्या. पार वर उचलून टाकलं तर शाफ्टचा कोन वाढतो आणि सांध्यातले क्रॉस कडकड करतात.

एक विचारायचं राहिलं, रोटाव्हेटरचाच शाफ्ट श्रेडरला लावताय का? आपल्याकडं हे सर्रास चालतं. लांबी जुळत नसली तर लिफ्ट वर-खाली करताना शाफ्ट आत टेकतो आणि पीटीओच्या बेअरिंगला आतून धक्का देतो, मिस्त्रीला तोच आवाज गिअरचा वाटू शकतो. सगळ्यात जवळच्या पोझिशनला निदान इंचभर जागा मोकळी पाहिजे आणि सगळ्यात लांबच्या पोझिशनलाही नळ्या तिसरा हिस्सा तरी एकमेकीत पाहिजेत. शिवाय नळी काढून ग्रीस लावून परत घालताना दोन्ही आतले योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आलेत का बघा, चौकोनी नळीत एक घर चुकलं की सगळं थरथरतं. फिरताना थरथर राहिली तर ब्लेड मोजा, एखादं गळालं असंल तर नवीन टाकताना समोरचंही जोडीनं बदला.

हे सगळं करून, शाफ्ट काढलेला असताना आणि सेटिंग मापात असताना सुद्धा खर्र येतच असंल तर मात्र मिस्त्री बरोबर आहे, खोला. पण खोललाच तर दोन्ही क्लच प्लेटी, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील एकदमच बघून घ्या, कारण मजुरी जाते ती ट्रॅक्टर खोलायला अन् जोडायला, सुटा भाग बदलायला नाही.