फळ्यावर नाव कुणाचं लिहायचं?

प्रश्न : काका, लालबागच्या ज्या महापालिकेच्या मराठी शाळेत मी शिकले तिला पुढच्या वर्षी पंचाहत्तर वर्षं होतायत. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलंय की जिन्याजवळ मोठा फळा लावायचा, 'आमचे मान्यवर माजी विद्यार्थी'. पण शोधून शोधून एक माजी नगरसेवक आणि एक रिटायर एसीपी एवढेच सापडले. ग्रुपमधले एक दादा म्हणतात, सिनेमातला एक मोठा नट इथे दुसरी-तिसरीला होता असं ऐकलंय, टाकून देऊ नाव, कोण तपासायला येतंय. आणि घरी माझी जाऊ म्हणते, म्युनिसिपाल्टीच्या शाळेतून कोण मोठं झालंय कधी. ते मला फार लागलं. काय करू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, जाऊबाईंचं नंतर बघू, आधी त्या नटाचं. नाव टाकू नका. मी ज्या शाळेत होतो तिथे अशाच फळ्यावर एका गायकाचं नाव रंगवलं, वर आणि त्यांनाच समारंभाला पाहुणे म्हणून बोलावलं, आणि ते बिचारे माईकवर हसत म्हणाले की मी नव्हतो हो इथे, माझा धाकटा भाऊ होता. दुसऱ्या दिवशी पेंटरने त्या ओळीवर काळा रंग मारला, पण दुपारचं ऊन तिरकं आलं की खालची अक्षरं अजून वर दिसतात.

त्यापेक्षा मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या आणि सांगा, जनरल रजिस्टर बघून एवढी नावं तपासून द्या. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची त्यात एक ओळ असते, रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, कधी आला, कुठल्या इयत्तेतून कधी गेला. त्या एका ओळीची किंमत काय असते बघा. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ नंबरला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे, तारीख ७ नोव्हेंबर १९००. त्या एका नोंदीवरून २०१७ पासून आख्ख्या महाराष्ट्रात ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस साजरा होतो. तो नट खरंच तुमच्या शाळेत असेल तर रजिस्टरात सापडेलच, मग खुशाल लिहा.

आता जाऊबाई. त्यांना वाटतं तसं बऱ्याच जणांना वाटतं आणि त्याला कारणही आहे, पण ते पोरांच्या अकलेत नाही, शाळेच्या इयत्तांमध्ये आहे. महापालिकेच्या बहुतेक शाळा पहिल्यापासून प्राथमिक, चौथी नाहीतर सातवी झाली की पोरगं दाखला घेऊन खासगी हायस्कूलला जाणार, मॅट्रिक तिथून होणार, बोर्डात नंबर आला तर पेढे तिथे वाटले जाणार आणि पन्नास वर्षांनी फळ्यावर नावही तिथेच लागणार. पाटी-पेन्सिल धरायला ज्यांनी शिकवलं त्यांच्या हाती काय, तर रजिस्टरातली एक ओळ आणि शेऱ्याच्या रकान्यात 'दाखला दिला'.

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांचंच घ्या. जन्म गोव्यातल्या माशेलचा, १९४३चा, वडील लहानपणीच गेले आणि आई पोराला घेऊन गिरगावात आली, पडेल ते काम करून दिवस काढले. हा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत अनवाणी, अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली, आणि शाळा खेतवाडीतली, म्युनिसिपाल्टीची! पुढे हायस्कूलला जायचं तर २१ रुपये भरायचे होते, ते जमवता जमवता आईची दमछाक झाली, शेवटी गिरगावातल्या युनियन हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला. तिथले भावे सर एकदा मुलांना उन्हात घेऊन गेले आणि भिंगाने कागद जाळून दाखवला, आणि म्हणाले की असंच मन एका जागी धरलंत तर काहीही जाळू शकाल. ही गोष्ट माशेलकर स्वतः भाषणांतून सांगत आलेत. १९६०च्या बोर्डात ते अकरावे आले, पुढे यूडीसीटी म्हणजे मुंबई विद्यापीठाचं केमिकल टेक्नॉलॉजीचं कॉलेज, पीएचडी, १९९५ ते २००६ सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द करून घेतलं ते सीएसआयआरनेच, त्यांच्याच काळात. १९९८ला रॉयल सोसायटीचे फेलो, २०१४ला पद्मविभूषण. कुणालाही विचारा माशेलकर कुठल्या शाळेचे, युनियन हायस्कूल म्हणतील आणि ते खरंच आहे, पण मुळाक्षरं गिरवली ती खेतवाडीत. हे जाऊबाईंना सांगा, चहा देता देता सांगा, भांडू नका.

आणि कवी नारायण सुर्वे तर माझ्या फार जवळचे. रस्त्यावर टाकून दिलेलं मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलं, आपलं नाव दिलं आणि चौथीपर्यंत शिकवलं. मग हा मुलगा गिरणीत, इथे तिथे पडेल ते काम करत राहिला, पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला, घंटा देणारा शिपाई, आणि मोठेपणी सातवीची परीक्षा देऊन महापालिकेच्याच शाळेत मास्तर. 'माझे विद्यापीठ' हा त्यांचा संग्रह १९६६चा, १९९५ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९९८ला पद्मश्री. अशा माणसाला तुमच्या फळ्यावर कुठल्या रकान्यात घालाल? माजी विद्यार्थी, माजी शिपाई की माजी शिक्षक? म्हणून म्हणतो, फळ्याचं नाव 'शाळेची माणसं' एवढंच ठेवा, म्हणजे तुमच्या वेळचे शिपाईमामाही त्यात बसतील, आणि प्रत्येक नावापुढे 'पहिली ते चौथी' असं बिनधास्त लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक अजून. बाबासाहेब मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलला होते, सरकारी शाळा, राहायला परळच्या चाळीत, म्हणजे तुमच्या शेजारीच. १९०७ला मॅट्रिक झाले, मार्क ७५० पैकी २८२. ज्या पोरांचे पालक नव्वद टक्क्यांच्या खाली आले की जेवण सोडतात त्यांना हा आकडा जरूर सांगावा. संस्कृत घ्यायचं होतं ते घेऊ दिलं नाही म्हणून फारसी घ्यावं लागलं. आणि त्यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो, मास्तरांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं तर वर्गातली पोरं धावली, फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते, ते बाटतील म्हणून काढून घ्यायला. मान्यवरांची यादी वाचताना मला तो दुसरा फळा दिसतो, काय करू.

प्रश्न : काका, ऑफिसात पैज लागलीय, वडापावची पार्टी आहे. सचिन शारदाश्रमचा की बांद्र्याच्या न्यू इंग्लिशचा?
– एक वाचक, दादर

उत्तर : दोघांनीही पैसे काढा. आधी बांद्रा पूर्वेच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता, मग त्याचे कोच आचरेकर सर, त्यांनी सांगितलं की क्रिकेट खेळायचं तर शारदाश्रमला ये, म्हणून शाळा बदलली आणि शिवाजी पार्कला काका-काकूंकडे राहायला आला. जगाला मात्र शारदाश्रमच माहीत, कारण फेब्रुवारी १९८८ मधली ती हॅरिस शील्डची, म्हणजे शाळाशाळांमधल्या स्पर्धेची मॅच, आझाद मैदान, समोर सेंट झेवियर्स, ६६४ ची न तुटलेली पार्टनरशिप, कांबळी नाबाद ३४९ आणि सचिन नाबाद ३२६. त्याच मॅचमध्ये पॅड बांधून बसलेला पुढचा बॅट्समन होता अमोल मुझुमदार, बॅटिंग आलीच नाही बिचाऱ्याची. फर्स्ट क्लासमध्ये ढीगभर रन काढूनही इंडियाची कॅप मिळाली नाही, आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्ड कप उचलला तेव्हा कोच तोच होता. माझं मत विचाराल तर शाळेच्या फळ्यावर पहिलं नाव मी मुझुमदारचं लिहीन, पैज लावणाऱ्यांना आवडो न आवडो.

प्रश्न : काका, आमच्या हायस्कूलच्या फळ्यावर बेचाळीस नावं आहेत आणि बाई एकच. मुली काय शिकल्याच नाहीत का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : शिकल्या, पण शोधणारे चुकीचं नाव घेऊन शोधतात. रजिस्टरात माहेरचं नाव, पेपरात सासरचं. पाणीवाल्या बाई मृणाल गोरे शाळेच्या कागदात मोहिले असणार, नाटक-सिनेमातल्या सुलभा देशपांडे कामेरकर असणार, आणि कमिटीतले काका गोरे आणि देशपांडे शोधत बसले तर मिळणार काय, डोंबल! (सुलभाताई तर दादरच्या छबिलदासमध्ये शिक्षिकाही होत्या, आणि त्याच शाळेच्या हॉलमध्ये पुढे 'आविष्कार' या नाट्यसंस्थेची नाटकं झाली.) त्यात मुलींच्या बॅचचे ग्रुपही वेगळे, लग्न होऊन कोण ठाण्याला, कोण नाशिकला, कोण न्यू जर्सीला. एक सोपा उपाय सांगतो, प्रत्येक बॅचमध्ये अशी एक बाई असतेच जिला सगळ्यांची माहेरची आडनावं, बाकांचे नंबर आणि कोण कुणाशी कट्टी होतं ते आजही तोंडपाठ असतं. तिला गाठा, वहीपेन घेऊन जा आणि दुपारचा वेळ मोकळा ठेवा, कारण ती नावं यादीने सांगत नाही, गोष्टीतून सांगते. आणि पेंटरला आधीच सांगून ठेवा की दोन्ही आडनावं लिहायचीयत, नाहीतर तो जागा कमी सोडतो.