प्रश्न : इंदूरचा सिरपूर तलाव मुलांना (वय १३ आणि ८) घेऊन पाहण्यासारखा आहे का? मामा सांगतात, पूर्वी तिथे शाळांची शिबिरं व्हायची. ती जागा अजून आहे का, तंबू टाकून राहता येईल का?

तलाव पाहण्यासारखा आहे, जरूर जा. तंबू मात्र डोक्यातून काढून टाका.

मामा सांगतात ते खरं आहे. आमच्या शाळेचं शिबिर तिथेच झालं होतं. मी सातवीत होतो, दादा दहावीत आणि आमचा गटप्रमुख. डिसेंबरची थंडी, काठाजवळच्या मोकळ्या रानात पाच-सहा तंबू, मधोमध शेकोटी. रात्री उशिरापर्यंत आम्ही गाणी म्हटली, थाळ्या बडवल्या. सगळे झोपल्यावर पाण्याकडून फडफड ऐकू येऊ लागली. मी कान देऊन ऐकत होतो, तेवढ्यात बंदुकीचे दोन बार झाले. तेव्हा तिथे चोरून शिकार चालायची.

सकाळी गवतात मला एक बदक सापडलं. डोकं तांबूस, पाठ राखाडी, एक पंख लोंबत होता. टॉवेलात गुंडाळून मी ते तंबूत आणलं, झाकणात पाणी ठेवलं. त्याने चोच लावली नाही. दुपारच्या आत ते गेलं. दादाने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, "एका बदकासाठी काय रडतोस? चल, रांगेत उभा राहा." चाळीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

ते बदक म्हणजे लालसरी, हे मला फार पुढे कळलं. मध्य आशियाकडून हिवाळ्यात येणारा पक्षी, आज जगभरात संकटग्रस्त गणला जातो. लालसरी दिवसा पाण्याच्या मध्यावर डुलक्या घेत पडून असते आणि खाण्यासाठी मुख्यतः रात्री बुड्या मारते. म्हणजे आम्ही थाळ्या बडवत होतो ती तिची जेवणाची वेळ होती. बंदूक आमच्या हातात नव्हती, पण एवढा पल्ला गाठून आलेल्या पाखराला आम्हीही त्या रात्री उपाशी ठेवलं. म्हणून तंबू नको म्हणतो.

हा तलाव होळकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. नंतर शहर वाढत वाढत त्याच्या अंगावर आलं. नव्वदच्या दशकापासून चित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सोबती त्याच्यासाठी भांडत राहिले, म्हणून आज तो शिल्लक आहे. २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, स्थान मिळालं आणि २०२५ मध्ये इंदूरला रामसरची पाणथळ-नगरी म्हणून मान्यता मिळाली. ही बातमी मी दादाला फोन करून सांगितली. तो पुण्यात असतो. म्हणाला, "मग आता तरी काठाला दगड लावा, दिवे लावा, बोटी सोडा. आणि आपली शिबिराची जागा पुन्हा सुरू करा, पोरांना निसर्ग कळेल."

हा वाद आमच्यात दर दिवाळीला होतो. माझं म्हणणं एकच. सिरपूर भर पावसाळ्यातही फार तर दोन मीटर खोल असतो आणि त्याचं सगळं वैभव त्या उथळपणात आहे. हिवाळा सरत येतो तसं पाणी मागे हटतं, चिखल उघडा पडतो, त्यात किडे-अळ्या असतात. शेकाट्या हा लांब पायांचा पक्षी तिथेच चरतो. हळदी-कुंकू बदक शेपूट वर करून तळाला चोच लावू शकतं, ते पाणी उथळ असतं म्हणून. काठ खणून दगडाने बांधला की हौद तयार होतो. दादा त्याला सुशोभीकरण म्हणतो. मी त्याला तलाव मारणं म्हणतो.

शिबिराची जागा मी आजही दाखवू शकतो. शेकोटी होती तिथे आता गवत आणि बाभळी आहेत. मागच्या जानेवारीत मी तिथून लांब पाण्यावर लालसऱ्यांचा थवा बघितला, तासभर बसून राहिलो. त्या जागेवर पुन्हा कुणी तंबू ठोकू नये असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी तिथे झोपलेला माणूस म्हणून बोलतोय.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उजाडता उजाडता पोचा. शहराच्या पश्चिमेला धार रोडवर आहे. दोन-अडीच तास पुरतात, मग पोहे-जलेबी. भडक कपडे नकोत, गाणी नकोत, पक्ष्यांना पाव टाकणं तर अजिबात नको. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, पाणकावळे, जांभळी पाणकोंबडी मुलांनाही सहज ओळखता येतात.

आता थोडं आधीच सांगायला हवं होतं ते. पक्षी दरवर्षी सारखे येत नाहीत, त्यामुळे लालसरी दिसेलच असं मी सांगू शकत नाही. उन्हाळ्यात गेलात तर निराश व्हाल. मुलांना बोटीतच बसायचं असेल तर इंदूरमध्येच पिपल्यापाला तलाव आहे, तिकडे न्या, त्यात काही वाईट नाही. आणि दुर्बीण एकच असली तर आधी धाकट्याच्या हातात द्या.