वरचा मजला चढवायचाय, आर्किटेक्टला किती द्यायचे?

प्रश्न: पुण्यात आमचं जुनं बैठं घर आहे, वर दोन खोल्या आणि बाथरूम काढायचंय. आर्किटेक्ट खर्चाच्या ८ टक्के मागतोय, म्हणतो परमिशनचं सगळं त्यातच आलं. बरोबर आहे का?

उत्तर: टक्केवारी घासाघीस करून ठरते, त्यात काही गैर नाही, पण "सगळं त्यातच" हे मला खटकतंय बघा. आर्किटेक्टची फी वेगळी आणि महापालिकेचे पैसे वेगळे, ते चलनाने भरायचे असतात आणि पावती तुमच्या नावाने यायला हवी. त्यात स्क्रुटिनी फी (नकाशे तपासायची), डेव्हलपमेंट चार्ज, आणि बेसिक एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम चालतं ते प्रमाण) संपला असेल तर प्रीमियम, म्हणजे जादा एफएसआयचे पैसे, हाच खरा मोठा आकडा, म्हणून आधी शिल्लक एफएसआय किती आणि साइड मार्जिन (घराच्या बाजूने सोडायची मोकळी जागा) सुटतंय का तेवढं बघून द्यायला सांगा, त्यासाठी थोडे पैसे मागितले तर द्या. स्वतःला राहायचं घर असेल आणि बांधकाम खर्च ५० लाखांच्या आत असेल तर १ टक्का लेबर सेस (बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीचा उपकर) लागत नाही, कोणी लावला तर विचारा.

जुना पाया वरचा मजला पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगणार, त्याची फी बहुतेक वेगळीच असते. आर्किटेक्ट जीएसटी रजिस्टर्ड असेल तर वर १८ टक्के, हे लोक शेवटी सांगतात! पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या, नकाशे, मंजुरी, कंप्लीशन (काम पूर्ण झाल्याचा दाखला) असं, आणि लेखी करून घ्या. परमिशन हातात यायच्या आधी वीट रचू नका, एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली पाडायची नोटीस येऊ शकते.