आईला टिक फिव्हर, मग पिल्लांचं काय?

प्रश्न : आमच्या कुत्रीला एर्लिकिया (गोचिडीतून होणारा टिक फिव्हर) निघालाय, प्लेटलेट खूप कमी आल्यात, औषध सुरू आहे. पिल्लं तीन आठवड्यांची आहेत, अजून अंगावर पितायत. त्यांना तिच्यापासून लांब ठेवू का?

उत्तर : नका हो तोडू, या वयात त्यांना आई हवीच. एर्लिकिया चाटण्याने किंवा एकत्र झोपण्याने पसरत नाही, त्याला मधे गोचीड लागते. हे बॅक्टेरिया गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाहीत, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक गोचीड स्वच्छ असते, ती आजारी कुत्रीचं रक्त पिऊन खाली पडते, कुठल्यातरी फटीत कात टाकते आणि मोठी होऊन पुन्हा वर चढते तेव्हा समोर पिल्लू असलं तर जंतू त्याच्या रक्तात जातात. चावल्यावर त्याला काही तास पुरतात, म्हणून रोज बघा, कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल नको, बोटांनी चिरडणं तर अजिबात नको.

गोचिडीच्या बऱ्याच गोळ्या आणि स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचे थेंब) आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना चालत नाहीत, त्यामुळे आईचं टिकचं औषध व्हेटला ती पाजतेय हे सांगूनच घ्या. आणि खरं काम घरातच आहे, कारण तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत, गादीखाली हजारो अंडी घालते. अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी साफ करा, फवारणी करायची तर पिल्लं तिथून हलवून. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन (गोचीड मारायचं औषध) लांबच ठेवा, मांजराच्या जिवावर बेततं.

एक मात्र आहे, अॅनाप्लाझ्मा प्लॅटिस नावाचा याचाच भाऊबंद गर्भातूनही पिल्लांत गेल्याचं आढळलंय. त्यामुळे एखादं पिल्लू पीत नसेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील, पोटावर लाल-जांभळे ठिपके असतील तर अंगावर गोचीड दिसत नाही म्हणून थांबू नका, लगेच रक्त तपासा.

प्रश्न : एर्लिकियासाठी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा 28 दिवसांचा कोर्स झाला तरी टेस्ट पॉझिटिव्हच येतेय?

उत्तर : अँटिबॉडीची (जंतूंशी लढायला शरीर जे तयार करतं त्याची) टेस्ट असेल तर ती बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. प्लेटलेट वाढतायत का ते बघा, शंका राहिली तर पीसीआर (रक्तात जंतूच आहेत का ते शोधणारी टेस्ट) करा. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं मात्र नाही, नवी गोचीड चावली की नवी लागण होऊ शकते.