वजन कुठून काढायचं, कुठून नाही : ट्रायल्स बाइकवरचे वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात ट्रायल्सवरचेच प्रश्न जास्त आलेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ही रेस नाही. दगडधोंडे, ओढा, उभा चढ असल्या जागी आखून दिलेल्या वाटेवरून पाय न टेकवता गाडी काढायची, पाय टेकला की १ पॉइंट, पडलात किंवा वाट सोडली की ५, आणि ज्याचे पॉइंट कमी तो जिंकला. स्पीडला काही किंमत नाही, तोल आणि वजन यालाच सगळी किंमत, म्हणून जो तो वजनाच्या मागे लागलेला.

सर, आमच्याकडे आरएक्स १०० पडून आहे, तिची ट्रायल्स बाइक करतोय, शेताच्या कडेला ओढा आहे तिथेच चालवणार. मित्र म्हणतो सगळीकडे होल मार, दहा किलो आरामात उतरतील. एक्सल आतून पोकळ करायचा, ब्रेक प्लेटला होल, सिलिंडरच्या फिन्स कापायच्या आणि मॅग्नेट लेथवर टर्न करून हलका करायचा असा प्लॅन आहे. बरोबर आहे का? – एक वाचक, इचलकरंजी

मित्रा, ड्रिल मशीन आधी बाजूला ठेव आणि फक्त पाना घे. मेन स्टँड, साडी गार्ड, लेग गार्ड, बॅटरी, इंडिकेटर, हेडलाइट, मीटर, चेनचा डबा, ती लांबलचक डबल सीट, हे सगळं नुसतं खोलून काढलंस तरी गाडी केवढी हलकी लागते ते बघ, आणि यातलं काहीही नसलं म्हणून तू पडणार नाहीस. मग टाकी. दहा लिटर पेट्रोल म्हणजे साडेसात किलोच्या आसपास वजन, ते पण सगळ्यात वर, जिथे ते सगळ्यात जास्त नडतं. ओढ्याच्या दोन चकरांना दोन लिटर पुरतं. इथे एक पैसा न घालवता पाच-सहा किलो गेले.

आता तुझी यादी. एक्सलचं गणित मजेशीर आहे. समज १५ मिलीचा एक्सल आहे आणि त्यात ८ मिलीचं आरपार भोक मारलं, तर वजन २८ टक्के कमी होतं पण वाकण्याची ताकद फक्त ८ टक्के जाते, कारण ताकद सगळी बाहेरच्या कडेला असते. म्हणजे मित्राचं कागदावर बरोबर आहे. पण एक्सल काही सगळीकडे १५ चा नसतो ना, टोकाला आटे असतात, तिथे आट्यांच्या खाचेपाशी जाडी आधीच कमी आणि त्यात हे भोक, शिवाय भोक जरा एका बाजूला सरकलं की एका अंगाला नुसता पापुद्रा उरतो. तुटणार तिथूनच. करायचंच असेल तर मूळ एक्सलला हात लावू नको, टर्नरला ईएन २४ चा (हे मजबूत मिश्र स्टील), हार्डन-टेंपर केलेला बार वापरायला सांग, आणि आट्यांच्या भागात भोक न्यायचं नाही, मधल्या लांबीतच थांबायचं. दुकानात पडलेल्या एमएसच्या, म्हणजे साध्या मऊ स्टीलच्या, तुकड्यातून एक्सल करून देणारे खूप आहेत, चकचकीत पॉलिश करून देतात, पण पहिल्या मोठ्या दगडावरच तो वाकेल.

ब्रेक प्लेटला आणि तिला धरून ठेवणाऱ्या रॉडला होल नाही म्हणजे नाही. तो रॉड किंवा त्याचा कान तुटला की ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकची दांडी गुंडाळली जाते आणि मागचं चाक जाम. शिवाय ओढ्याचं पाणी होलातून सरळ ड्रममध्ये. एक गोष्ट इथेच सांगतो. सपाट पट्टीवर ताण येत असेल आणि तिला गोल भोक पाडलं तर भोकाच्या काठाला ताण जवळजवळ तिप्पट होतो, आणि काठ ड्रिलने खरबरीत ठेवला असेल तर चीर तिथेच सुरू होते. म्हणून चेन कव्हर, नंबर प्लेटची पट्टी असल्या ठिकाणी हौस भागव, तिथे पण काठ काउंटरसिंकने मोडून घे. फूटरेस्टचे ब्रॅकेट, हँडलचे क्लँप, फोर्क धरणारे टी यांना हात नको.

फिन्स कापू नको. गाडी चालायच्या स्पीडने जाणार, वारा नाही, आणि वर अर्धा क्लच दाबून फुल ताण, अशात टू-स्ट्रोक पिस्टन धरायला, म्हणजे गरम होऊन सिलिंडरमध्ये अडकायला, वेळ लागत नाही.

आणि मॅग्नेट, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील. यादीतली सगळ्यात चुकीची आयडिया हीच, आणि तीच सगळ्यांना सुचते! ट्रायल्समध्ये इंजिन अगदी कमी आरपीएमला धकधक करत दगड चढलं पाहिजे, ते चढवतो तो फ्लायव्हीलचा भार. तो कमी केलास तर इंजिन पटकन वर जाईल आणि तेवढंच पटकन बंद पडेल, बरोबर चढाच्या मध्यावर. खऱ्या ट्रायल्स गाड्यांना उलट जादा वजनाची रिंग बसवतात. त्यात मॅग्नेटचं कवच टर्न करून पातळ केलं आणि ते हाय आरपीएमला फुटलं तर तुकडे थेट पोटरीशी. त्यापेक्षा मागचं स्प्रॉकेट मोठं टाक, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाकांना ट्रायल्सचे मऊ टायर बसवता आले तर बघ. पुढचं चाक थोडं जड होईल, होऊ दे.

अ‍ॅल्युमिनियमचा स्विंगआर्म आर्गन वेल्डिंग करून बनवला तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

मूळ पाइपच्याच साइजचा बनवणार असाल तर नाही. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं, पण ताठपणाही एक तृतीयांशच, म्हणजे तेवढ्याच साइजमध्ये तो तिप्पट वाकणार. म्हणून कंपन्या मोठा चौकोनी सेक्शन घेतात. दुसरं म्हणजे ६०६१ सारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद हीट ट्रीटमेंटमधून येते, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारची ताकद बरीच उतरते, नंतर परत हीट ट्रीट केलं नाही तर सगळ्यात जास्त ताण येतो तिथेच सगळ्यात कमकुवत. आणि स्टीलला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहन करतं, अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही, ते मोजत असतं. स्टीलच ठेवा, सीमलेस पाइप घ्या, फर्निचरवाला ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला) पाइप नको. क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टील) मिळाली तर उत्तम पण तीही ताठपणाला साध्या स्टीलएवढीच, फायदा भिंत पातळ करता येते एवढाच, आणि भिंत फार पातळ केली की दगडाच्या एका टोल्याने पोचा पडतो.

मी इंग्लंडला राहतो, जुनी बीएसए बँटम घेतली आहे, प्री-६५ ट्रायल्ससाठी (१९६५ च्या आधीच्या गाड्यांचा गट) हलकी करतोय. टायटॅनियमचे स्पिंडल (एक्सल) आणि फायबरग्लासची टाकी ऑनलाइन मिळतेय, घेऊ का? – एक वाचक, कोव्हेंट्री

तुमच्या तिथे तर या वेडाचं माहेरच आहे. नामांकित ट्रायल्स रायडर सॅमी मिलरने एरियल एचटी५ या फोर-स्ट्रोक गाडीवर वर्षानुवर्षे काम करून, रेनॉल्ड्स ५३१ या मजबूत स्टील पाइपची चेसिस वगैरे, ती ११० किलोच्या आसपास आणली आणि १९६२ आणि १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. मग तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला, त्यांची शेर्पा ही गाडी बनवायला मदत केली, आणि १९६५ ला तीच ट्रायल त्या हलक्या टू-स्ट्रोकवर जिंकली. जड फोर-स्ट्रोकचा जमाना तिथे संपला म्हणायचा. (आपल्या बुलेटवाल्यांनी नाराज होऊ नये, १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश जॉनी ब्रिटनने रॉयल एन्फील्डवरच मारली होती.) आजच्या ट्रायल्स गाड्या ७० किलोच्या आसपास असतात, पण त्यांच्याशी बँटमची बरोबरी करू नका, त्या पहिल्यापासून तशाच डिझाइन केलेल्या आहेत.

टायटॅनियमबद्दल बीएसएचीच गोष्ट आहे. जेफ स्मिथ १९६४ आणि १९६५ ला मोटोक्रॉसचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि १९६६ ला कंपनीने त्याच्यासाठी टायटॅनियमची चेसिस केली. हलकी होती, पण टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या निम्म्याला थोडा वर, आणि तडकली की मैदानावर गॅसचा टॉर्च घेऊन जोडता येत नाही, हवा लागली की वेल्ड ठिसूळ होतो, आजूबाजूने आर्गन पाहिजे. त्या वर्षी चॅम्पियनशिप दुसऱ्याकडे गेली. तुमच्या स्पिंडलचा प्रश्न वेगळा, त्यात ग्रेड बघा. ग्रेड ५ हवा, ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम, त्याची ताकद ग्रेड ५ च्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, दिसायला दोन्ही सारखेच. विकणारा मटेरियल सर्टिफिकेट देत नसेल तर सोडून द्या. आटे आवळताना अँटी-सीझ लावा नाहीतर नट कायमचा चिकटेल. मला विचाराल तर पुढचा स्पिंडल स्टीलचाच ठेवेन, दोनशे ग्रॅमसाठी कोण दात पणाला लावतो.

फायबरग्लासची टाकी नको. जुन्या पॉलिस्टर रेझिनला इथेनॉल मऊ करतं, तुमच्याकडे २०२१ पासून ई१० (१० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे आणि आपल्याकडे आता ई२०. रेझिन विरघळून कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो, आणि शेवटी टाकी गळते, ती पण गरम इंजिनावर. अ‍ॅल्युमिनियमची छोटी टाकी करून घ्या, इथे मात्र अ‍ॅल्युमिनियम शोभतं.

मोठे बोल्ट काढून बारीक पण १२.९ ग्रेडचे टाकले, चमक यावी म्हणून झिंक प्लेटिंग करून घेतलं. गाडी उभी असताना एकाचं डोकं आपोआप उडालं! कसं काय? – एक वाचिका, सांगली

ताई, प्लेटिंगमध्येच. आधी अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, मग झिंक चढवतात, दोन्ही वेळा हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो, आणि एवढं कडक स्टील त्याने ठिसूळ होतं. आवळून ठेवलं की काही तासांनी, कधी काही दिवसांनी तुटतं, हात न लावता. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत भट्टीत २०० डिग्रीच्या आसपास बरेच तास ठेवावं लागतं, छोटे प्लेटिंगवाले ते करतातच असं नाही. उरलेले सगळे बोल्ट काढून फेका, एकही शिल्लक ठेवू नका. त्या ग्रेडचे काळे, तेल लावलेले बोल्ट मिळतात, तेच घ्या, दिसायला साधे असले तरी.

जुन्या स्पॅनिश इंजिनचं मॅग्नेशियमचं कव्हर घरीच ग्राइंड करून पातळ करू का? – एक वाचक, पुणे

नका करू. तो बारीक चुरा पेट घेतो, आणि पेटल्यावर पाणी टाकलंत तर भडका आणखी वाढतो. पाणी नाही, नेहमीचं एक्स्टिंग्विशर पण नाही, कोरडी वाळूच लागते. पन्नास ग्रॅमसाठी शेड जाळायची?

अशी बनवलेली गाडी रस्त्यावरून ओढ्यापर्यंत नेली तर पोलिस पकडतील का? – एक वाचक, कराड

पकडू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. लाइट नाही, इंडिकेटर नाही, आरसा नाही, चेसिस कापलेली, बेरीज तुम्हीच करा. अपघात झाला तर इन्शुरन्सवालेही हात वर करतील. शेजाऱ्याचा छोटा हत्ती भाड्याने घ्या आणि गाडी त्यात टाकून न्या, आता हलकी झालीच आहे, दोघांनी सहज उचलेल.