मेंढरांवर कुत्रं तयार करायचं असेल तर

भूम तालुक्यातल्या भाऊंचा प्रश्न असा आहे: घरी साठेक मेंढरं आणि थोड्या उस्मानाबादी शेळ्या आहेत, वळायला माणूस मिळत नाही. व्हिडिओत एकटं कुत्रं अख्खा कळप वळवताना पाहिलं. तसं बॉर्डर कोली या विलायती जातीचं पिल्लू विकत आणावं, की गावातलंच पिल्लू शिकवावं? आणि नर घ्यावा की मादी?

भाऊ, गावातलंच पिल्लू आणा, तेही धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, राहणाऱ्या कुत्रीचं. मात्र त्याच्याकडून कोलीचं काम मागू नका.

राखणं आणि वळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. लांडगा शिकार करताना आधी नजर रोखतो, दबा धरतो, मग पाठलाग, मग चावा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या निवड करून यातली नजर, दबा आणि पाठलाग ठेवला आणि चावा कमी केला. 1893 साली नॉर्थंबरलँडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा न भुंकता, नुसत्या नजरेनं मेंढरं हलवायचा. आजच्या बहुतेक कोलींचा वंश त्याच्यापर्यंत जातो. तुर्कस्तानच्या कांगालसारख्या राखणदार जातींत उलट घडलं. मेंढरामागं धावायची ओढच ज्यात नाही, तेच कुत्रं ठेवलं. आपल्याकडे धनगर वाड्यावर पाळतात ती कुत्री या दुसऱ्या वळणाची. ती कळपात झोपतात, परकं काही दिसलं की पुढं होतात. भूम-परंड्याच्या माळावर लांडगा आहे, म्हणून आपली खरी गरज तीच आहे.

शिवाय कोलीची दाट दुहेरी लव आपल्या मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत त्या जिवाचे हाल करते. कारवानी हा आपल्याकडचा शिकारी कुत्रा आणावा असंही काही जण सुचवतील. कारवानी देखणा आणि चपळ, पण पळणारं जनावर दिसलं की पाठलाग हाच त्याचा पिंड. मेंढरांत तो नको.

आता पिल्लाबद्दल. सात-आठ आठवड्यांचं झालं की आणा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात राहतं, त्यांना ते आपलं मानतं. हे दिवस त्यानं वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, मेंढरांजवळ काढले पाहिजेत. ओसरीवर पोरांच्या मांडीवर वाढलेलं कुत्रं रात्री वाडा सोडून घराकडं पळतं. दोन-तीन शांत मेंढ्या आणि थोराड कोकरं सोबत ठेवा. नुकती व्यालेली मेंढी नको, ती डोकं मारते आणि पिल्लू जन्माचं बुजतं. एका कोपऱ्यात फक्त पिल्लूच शिरेल अशी फट ठेवा, तिथंच त्याचं पाणी आणि भाकरी-दूध. माणसाचा हात मात्र रोज लागू द्या. पकडणं, बांधणं, कान-पाय तपासणं याची सवय नसलेलं कुत्रं पुढं इंजेक्शनलाही हाती येत नाही.

बहुतेक कुत्री बिघडतात ती चौथ्या ते दहाव्या महिन्यात. अंगात रग येते आणि खेळायला समोर कोकरं असतात. लोकर ओढणं, कान चावणं, पळवणं सुरू होतं. काही जण इथं काठी घेतात. मार खाल्लेलं कुत्रं तुमच्यासमोर गप बसतं आणि पाठीमागं तेच करतं. त्यापेक्षा गळ्यात लोढणं घाला, म्हणजे धावताच येणार नाही. कोकरांत एकटं सोडू नका, थोराड मेंढ्यांत किंवा एखाद्या नर मेंढ्यासोबत ठेवा. हा काळ निघून जातो, तेवढं सांभाळून घ्या.

या वयातच पहिला शब्द शिकवा: थांब. लांब दोरी लावून, मेंढरांपासून दूर, रिकाम्या रानात. थांबलं की भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा, एकानं ‘थांब’ आणि दुसऱ्यानं ‘बस’ म्हणायचं नाही. थांब पक्कं झाल्याशिवाय कळप वळवायला नेऊ नका.

वळवणीचं एक काम मात्र गावठी कुत्र्याला जमू शकतं आणि आपल्याकडे तेच सगळ्यात उपयोगी आहे. रब्बीत दोन्हीकडं ज्वारी-हरभरा उभा असतो, मधल्या वाटेनं मेंढरं न्यायची असतात आणि एक तोंड जरी पिकात गेलं तरी बांधावर भांडण. कुत्र्याला दोरीवर धरून पीक आणि मेंढरं यांच्या मधून चालवा. तुम्ही दुसऱ्या बाजूला राहाल अशी जोडी हळूहळू बसवा. मेंढरू कुत्र्याला ठरावीक अंतरापर्यंत येऊ देतं, त्याहून जवळ आलं की सरकतं. कुत्रं मेंढराच्या खांद्याच्या पुढं आलं तर मेंढरू मागं वळतं, खांद्याच्या मागं राहिलं तर पुढं चालतं. हे अंतर आधी तुम्ही स्वतः कळपाभोवती फिरून ओळखा, मग कुत्र्याला कुठं थांबवायचं ते कळेल. दख्खनी मेंढरं घाबरली की एकत्र येतात, म्हणून त्यांच्यावर शिकवणं सोपं. शेळ्या पांगतात, नाहीतर उलटून शिंगं दाखवतात. त्या शेवटी घ्या. गाभण मेंढ्यांवर शिकवणी कधीच नको, पळापळीत गाभडतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर, तेही थोडाच वेळ.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. मेलेल्या किंवा कापलेल्या जनावराची कच्ची फुफ्फुसं, काळीज, मुंडकं कुत्र्याला घालू नका. त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि मेंढरांत परत जातात. मेंदूत गाठ झालेली मेंढी गोल गोल फिरत मरते. यातल्याच एका जातीच्या कृमीनं माणसाच्या काळजात आणि फुफ्फुसातही गाठी होतात, आणि कुत्र्याला हात लावून तसंच जेवणारी लहान पोरं त्यात सापडतात. असं मांस खोल पुरा. पिल्लाला सुरुवातीपासून जंताचं औषध द्या. मोठ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेलं औषध, डॉक्टरांना विचारून, साधारण दर तीन महिन्यांनी. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढं दरवर्षी.

लांडग्यासमोर एकटं कुत्रं टिकत नाही, म्हणून सवडीनं दुसरं पिल्लू पहिल्याच्या हाताखाली तयार करा. गळ्याला बाहेरून खिळे असलेला पट्टा घाला. मेलेल्या मेंढरावर विष टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लांडग्याला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे आणि ते विष आधी आपलीच कुत्री खातात. लांडग्यानं मेंढरू मारलंच तर ते हलवू नका, जागेवर फोटो काढा आणि लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या. भरपाईला तोच लागतो.

नर-मादीचंही तुम्ही विचारलंय. दोन्ही चालतात. मादी घेतलीत तर पहिल्या माजाआधीच डॉक्टरांशी नसबंदीचं बोलून ठेवा, नाहीतर माजाच्या दिवसांत गावभरची कुत्री वाघरीभोवती जमतात आणि मेंढरं रात्रभर बसत नाहीत.